एका मुठीत किती सरक्या

नागोराव कोंडावार, मुक्काम गुडीहत्नूर, जिल्हा आदिलाबाद. आधी हे नाव लिहून टाकतो. मी आज श्वास घेतोय तो या माणसामुळे. हे एकदा कागदावर आलं, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल जी चिडचिड लिहीन ती लिहायला मी मोकळा. आणि चिडचिड पुष्कळ आहे. इतकी वर्षं झाली, पण अजून त्यांची आठवण आली की आधी डोकं उठतं आणि मग डोळे भरतात. हा क्रम कधी उलटा झालेला नाही.

मी मालवणकडचा. सातवीत शाळा सोडली. अपूर्णांक आले आणि मी गेलो, असं आमची आवस, म्हणजे आई, सगळ्यांना सांगायची. पाण्यात मात्र जमायचं. आधी बुड्या मारून कालवं काढली, मग मुंबईच्या गोदीत बोटींचे तळ घासले आणि तिथून डिमेलोसाहेबांच्या पाणबुड्यांच्या टोळीत शिरलो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. साहेबांनी एक काम घेतलं आणि ट्रकमध्ये सामान भरून आम्हाला आदिलाबाद जिल्ह्यात आणलं. समुद्रापासून इतक्या लांब मी जन्मात गेलो नव्हतो. चारी बाजूंना कापूस आणि ज्वारी. वारा सुटला की माझ्या नाकाला खाऱ्या वासाची सवय, आणि यायची नुसती धूळ.

नार्नूरच्या पुढे डोंगरात मँगनीजची एक जुनी बंद खाण होती. तिची उभी विहीर सत्तर मीटर खोल, काठोकाठ भरलेली. नव्या मालकाला ती उपसायची होती. पण तळाशी भिंतीत एक लोखंडी झडप उघडी राहिली होती, तिच्यातून जुन्या बोगद्यांचं पाणी येत राहायचं. ती बंद केल्याशिवाय पंप लावून उपयोग नव्हता. कुणीतरी खाली जाऊन तिचं चाक फिरवायचं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. हे काम नीट झालं की साहेब मला खोल पाण्यातल्या पाणबुड्याचं कार्ड देणार होते. ते कार्ड हातात असलं की भर समुद्रातल्या तेलविहिरींवर काम मिळतं. नाही मिळालं तर परत गोदी, परत तळ घासणं. त्या कार्डापायी मला धड झोप लागत नव्हती.

सत्तर मीटरवर साध्या हवेचा भरवसा नसतो. तेवढ्या दाबाखाली हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो. माणूस हसत हसत चुकीचं चाक फिरवतो आणि नळीही सोडून देतो. म्हणून नायट्रोजनच्या जागी हेलियम घालतात. हेलियम आणि थोडा ऑक्सिजन, असं मिश्रण वरून नळीनं पाणबुड्याच्या डोक्यावरच्या टोपात सोडायचं. वर फळीवर झडपा आणि काटे असतात. त्या फळीसमोर बसून कुठल्या क्षणी कुठला गॅसचा बाटला उघडायचा हे बघणारा एक माणूस लागतो. आमचा नेहमीचा माणूस आजारी पडून मुंबईलाच राहिला होता. साहेबांनी आदिलाबादेत चौकशी केली, तर वेल्डिंगच्या गॅसचे बाटले विकणारा एक दुकानदार सापडला. तेच नागोराव.

पन्नाशीचे, काटकुळे, धोतरावर खाकी शर्ट. डावी भुवई अर्धीच होती, बाहेरचा अर्धा भाग कायमचा गेलेला. गुडघ्याच्या वर कधी पाण्यात उतरले नव्हते. पैनगंगेवर गेले तरी काठावर बसून तांब्यानं अंघोळ करायचे. अशा माणसाच्या हातात माझी नळी! पहिल्या दिवशी मला हसू आलं. दुसऱ्या दिवसापासून आलं नाही.

पहिल्याच सकाळी मी बाटल्यांकडे निघालो तर यांचा हात आडवा. "आगु." तेलुगूत आगु म्हणजे थांब. खाणीवरचे मजूर तेलुगू बोलणारे, त्यांच्याशी बोलता बोलता हा शब्द यांच्या तोंडात घर करून राहिला होता. दिवसातून शंभरदा आगु. मजूर त्यांना मागून आगुकाकाच म्हणायचे.

आगु म्हणून ते माझ्या डोक्याजवळ नाक घेऊन आले आणि वास घेतला.

"खोबऱ्याचं?"

"होय. आवशीनं दिलंय."

"धुऊन ये."

"काय धुऊन येऊ?"

"डोस्कं. काकूजवळ शिकेकाई हाय."

मला वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती. तेलाचं बोट ऑक्सिजनच्या झडपेला लागलं आणि दाबाखाली झडप उघडली, की काडी न लावता भडका उडतो. एवढं सांगून त्यांनी आपल्या अर्ध्या भुवईवर बोट ठेवलं आणि विषय संपवला. मला अजून काही विचारायचं होतं, पण ते बाटल्यांची तोंडं फडक्यानं पुसायला लागले होते.

डिसेंबरची थंडी, डोंगरातला कोरडा वारा, आणि मी कोकणातला माणूस डोक्याला थेंबभर तेल न लावता. केसांचा झाला काथ्या. ओठ फुटले, त्यांनाही तूप लावायचं नाही. जेवून आलो की दोन्ही हात पुढे करायचे आणि यांनी एकेक बोट हुंगायचं. लोणच्याचा वास आला की परत साबण. त्यांची बायको, आमच्या काकू, आमच्या टोळीचा स्वयंपाक करायच्या. त्या भाकरी थापता थापता म्हणायच्या, "तू एकटा नाई रे बाबा. लग्नाच्या दिशी बी यायनं पयले माह्या डोस्क्याचा वास घेतलाता."

नागोराव वर न बघता म्हणायचे, "मंग? बाजूले समई नवती काय?"

हे झालं तेलाचं. टेलिफोनचं त्याहून वाईट. टोपात एक टेलिफोन असतो, खालचा माणूस बोलतो ते वर कर्ण्यातून ऐकू येतं. पण हेलियम श्वासात गेलं की आवाज बदकासारखा होतो. सरावाच्या बुडीत मी खाली पन्नास मीटरवर अंधारात भिंत चाचपतोय, नळी अडकलीय, आणि सांगतोय, "नळी सोडा." वरून शांतपणे यायचं, "पुन्हा सांग."

"नळी सोडा!"

"पुन्हा सांग."

"न-ळी! न-ळी!"

"हळू सांग बाप्पा. बदक घाईत असलं का समजत नाई."

पाच पाच वेळा. थंडीनं दात वाजायचे, कारण हेलियम अंगातली ऊब ओढून नेतं. माझ्या मनात येईल ती शिवी मी टोपात घालायचो. तिसऱ्या आठवड्यात कर्ण्यातून आवाज आला, "शिव्या समजू लागल्या रे आता. तोंड सांभाळ." आणि खरंच, तेव्हापासून माझं खालचं बोलणं वर एकट्या नागोरावांना कळायचं. साहेबांना शेवटपर्यंत क्वॅक क्वॅकच ऐकू येत राहिलं.

साहेब माणूस वाईट नव्हता, पण मजेखोर. एकदा मालकाकडचे पाहुणे खाण बघायला आले. साहेबांनी नळीतून मिश्रणाचा एक मोठा झुरका घेतला आणि त्या बारीक आवाजात गाणं म्हणायला लागले. पाहुणे हसून लोळायच्या बेतात. साहेब दुसरा झुरका घ्यायला गेले तर नळीत काही नाही. नागोरावांनी झडप बंद केली होती.

"क्या हुआ?"

"साहेब, हा ह्याचा श्वास हाय." माझ्याकडे बोट. "उद्या हा खाली असंल अन् एक श्वास कमी पडला, तर तुमचं गानं पुरंल काय?"

पाहुण्यांसमोर. साहेबांचा चेहरा लाल झाला. मला तर वाटलं, आता या म्हाताऱ्याबरोबर माझंही कार्ड गेलं. मी नंतर त्यांना म्हटलं, "काका, कशाला उगीच? एक झुरका तर होता." तर म्हणाले, "तू मोजला व्हता काय, एक व्हता का दोन?"

आता अपूर्णांकांचं सांगतो, कारण ते लपवून हे लिहिणं पुरं होणार नाही. खाली जाणाऱ्या पाणबुड्याला आपण काय श्वासात घेतोय याचा हिशेब यावा लागतो. साहेबांनी विचारलं तेव्हा मी येतो म्हणून मान हलवली होती. येत नव्हता. टक्के, पट, दाब यांतलं काहीही नाही. मी दुसऱ्याचं बघून आकडे भरायचो. नागोरावांनी हे दुसऱ्या आठवड्यात ओळखलं. साहेबांना सांगितलं नाही. पण बाटला उघडण्याआधी मला विचारायला लागले, "चाळीस मीटर, सोळा टक्के. किती?" मी गप्प. ते झडपेवर हात ठेवून गप्प. साहेब लांबून ओरडायचे, "अरे, कितना टाइम?" यांचं उत्तर, "काटा स्थिर होऊन राह्यला साहेब." काटा केव्हाचा स्थिर झालेला असायचा. अस्थिर मी असायचो.

एका दुपारी त्यांनी मला खाणीखालच्या एका शेतात नेलं. तिथे न पिंजलेल्या कापसाचा ढीग पडला होता, सरकीसकट, म्हणजे आतल्या बियांसकट.

"मुठीत धर. दाबू नको, सैल धर."

धरला.

"सरक्या किती?"

मोजल्या. दोन.

"आता त्याच मुठीत कापूस कोंब. आठ मुठींचा एका मुठीत."

बोटं दुखेपर्यंत कोंबला.

"मोज."

सोळा होत्या.

"मूठ मोठी झाली काय?"

"नाही."

"कापूस बदलला?"

"नाही."

"मंग सरक्या काऊन वाढल्या?"

"दाबला म्हणून."

"हां. सरकी म्हंजे तुहा ऑक्सिजन. तुही छाती म्हंजे मूठ. सत्तर मीटरवर आठपट दाब. वर हवेत एका मुठीत एकवीस सरक्या असतात, आपून सारे तेच घेतो. सोळाच्या खाली गेल्या का डोस्कं गरगरते. दहाच्या खाली गेल्या का मानूस झोपते. दीडशाच्या वर गेल्या तर झटके येते. आता बोल, सोळा टक्क्याचा बाटला, सत्तर मीटर?"

मी तिथे ढेकळावर बसून बोटांवर गुणाकार केला. सोळा अठ्ठे. "एकशे अठ्ठावीस."

"चालते?"

"चालते."

सातवीच्या मास्तरांना दोन वर्षांत जे जमलं नाही ते त्या ढिगाजवळ अर्ध्या तासात झालं. मी आनंदानं उठलो. तर म्हणाले, "बस. वर येतानीचा हिशोब राह्यला. दाबलेला कापूस सोडला का फुगते. मुठीत सरक्या किती राह्यल्या? दर दहा मीटरले सांग." सूर्य कलेपर्यंत बसवलं. असा माणूस! कौतुक करायला जावं तेवढ्यात डोकं उठवणार.

त्यांची आणखी एक पद्धत होती. प्रत्येक बाटल्याचं मोजमाप ज्याला श्वास घ्यायचाय त्यानंच करायचं. ऑक्सिजन मोजायच्या मीटरची नळी स्वतः लावायची, काटा स्वतः वाचायचा, आकडा चिठ्ठीवर स्वतः लिहायचा, खाली दस्तखत करायचं आणि चिठ्ठी बाटल्याच्या मानेला स्वतः बांधायची. चिठ्ठ्या जिनिंगमधून आणलेल्या, कापसाच्या गाठींना बांधतात तशा पुठ्ठ्याच्या. बाटला दुसऱ्या ठिकाणी हलवला की पुन्हा पहिल्यापासून. आणि दुसऱ्या दिवशी फळीला जोडताना ते स्वतः पुन्हा मोजणार. मी म्हणायचो, "काका, काल मोजलाय." ते म्हणायचे, "काल तू जेवला बी व्हता. आज जेवू नको."

या सगळ्यात त्यांची एकच हौस मला ठाऊक होती. त्यांना समुद्र बघायचा होता. साहेबांनी कबूल केलं होतं की हे काम झालं की पुढच्या, भर समुद्रातल्या कामावर गॅसच्या फळीसाठी त्यांनाच नेणार. तेव्हापासून जेवताना मला प्रश्न. "काठ कसा असते? पायऱ्या असते?" मी सांगायचो, पायऱ्या नाहीत, वाळू असते, पाणी येतं आणि जातं. "येते-जाते म्हंजे? सोडते कोन?" भरती-ओहोटी समजावताना माझा घास थंड व्हायचा. शेवटी म्हणाले, "मी गुडघ्यापावतर उतरीन. त्याच्या वर नाई." काकू म्हणाल्या, "तुमी उतरसान? आधी सारा समुद्र मोजसान."

मुख्य बुडीच्या आदल्या दिवशी मुंबईहून आठ नवे बाटले आले. नागोरावांना घरी कापूस वेचणीची गडबड होती, गुडीहत्नूरला जाऊन यायचं होतं. निघताना मला म्हणाले, "आज तू एकटा मोज. आठही. तुले येते आता." हे त्यांच्या तोंडचं कौतुक. दोन महिन्यांत पहिलं.

त्याच दिवशी नार्नूरचा बाजार. बाजारात नदीची मरळ येते हे मला कळलं होतं. दोन महिने मी वरण, ज्वारीची भाकरी आणि वांगी खात होतो. मी पाच बाटले मोजले. पाचही सोळा. दुपार उलटत चालली होती, आणि मासे उशिरा गेल्यावर राहत नाहीत. उरलेले तीन त्याच ट्रकमधले, त्याच रंगाचे. कसली कटकट, कोण बघतंय, असं म्हणून मी तिन्ही चिठ्ठ्यांवर सोळा लिहिलं, दस्तखत केलं, बांधल्या आणि बाजाराला पळालो. मरळ मिळाली. काकूंनी झणझणीत कालवण केलं. मी बोटं चाटून खाल्लं.

सकाळी मी पोशाख चढवून विहिरीच्या काठावर बाकावर बसलो. टोप डोक्यावर चढलेला, पुढची काच उघडी. नागोराव आदल्या रात्रीच परतले होते. एकेक बाटला फळीला जोडत, माझी चिठ्ठी वाचत आणि पुन्हा मोजत होते. साहेब येरझाऱ्या घालत होते, कारण मालक यायचा होता. सहाव्या बाटल्याशी नागोराव थांबले. काटा उठलाच नव्हता. त्यांनी मीटरवर टिचकी मारली. नळी काढली, उघड्या हवेत धरली, काटा एकवीसवर गेला. पुन्हा बाटल्याला लावली. काटा खाली पडला. दोनवर.

मोठ्या जहाजांवर हेलियमच्या साठ्यात दोन टक्के ऑक्सिजन घालून ठेवतात, मिश्रण बनवायला. तसला एक बाटला आमच्या मालात चुकून आला होता.

त्यांनी माझी चिठ्ठी हातात घेतली, माझ्या तोंडासमोर उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "दोन टक्के. सत्तर मीटर. किती?"

त्या घटकेला! काटा अजून दोनवर होता, आणि हा माणूस गुणाकार विचारत होता.

"सोळा."

"म्हंजे?"

"खाली... कळलंच नसतं. चाक फिरवलं असतं."

"तीस मीटरवर, वर येतानी?"

"आठ."

"आठ म्हंजे?"

"झोपलो असतो."

"अन् वर आला असता तवा?"

मी चिठ्ठीवरच्या माझ्या दस्तखताकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, वर्गातल्या पोरानं बरोबर उत्तर दिल्यासारखी. तेवढ्यात साहेब आले, काटा बघितला आणि भडकले. "दोन परसेंट? ये लाइन पे आया कैसे? चिठ्ठी किसने बांधा?"

चिठ्ठी नागोरावांच्या शर्टाच्या खिशात गेली होती.

"फळी माह्यी हाय साहेब. फळीवर जे येते ते माह्यं."

"मतलब तुमने बांधा?"

"मी सांगतलं ना, माह्यं."

साहेब त्यांना सगळ्यांसमोर नको नको ते बोलले. पाहुण्यांसमोरच्या त्या गाण्याचंही त्यात आलं. बोलून बोलून शेवटी म्हणाले, आजची बुडी होऊ दे, नंतर समुद्राच्या कामावर तुझं नाव नाही. मी टोपात होतो, तोंड उघडं होतं, एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य माझ्या घशापर्यंत आलं, आणि मला कार्ड दिसलं. मी गप्प बसलो. नागोरावांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी सहावा बाटला लांब नेऊन ठेवला, सातवा मोजला, आठवा मोजला, ते दोन्ही सोळाचे निघाले. मग माझ्या टोपाची काच लावली.

झडप सापडली. चाक गंजलेलं होतं, पहारीनं हललं आणि मग एकेक वेढा फिरत गेलं. वरून सारखा आवाज, "श्वास जोरात येऊन राह्यला. हळू. घाई कायले? झडप पळून जाते काय?" शेवटचा वेढा बसला तेव्हा माझ्या अंगाला लागणारी पाण्याची ओढ थांबली. इतकी शांतता मी पाण्यात कधी अनुभवली नव्हती.

वर येताना टप्प्याटप्प्यानं थांबायचं असतं. पहिल्या टप्प्यावर मी दोराला लटकलो होतो. अंग थरथरत होतं, आणि श्वासात अजून हेलियम होतं. तिथे माझ्यानं राहवलं नाही.

"काका, चिठ्ठी मी बांधली. तीन बाटले मोजलेच नव्हते. माशांसाठी बाजाराला गेलो. साहेबांना सांगा. आत्ता सांगा."

वर कर्णा सगळ्यांना ऐकू जात होता. मला साहेबांचा आवाज आला, "क्या बोलता है वो?"

मग नागोराव म्हणाले, "थंडी वाजते म्हनते."

"काका, साहेबांना सांगा!"

"लय थंडी वाजते म्हनते." मग आवाज हळू झाला. "सदानंद, ऐक. बोलू नको. बोलन्यात श्वास जाते. सरक्या मोज."

मी दोराला लटकून रडलो. टोपात डोळे पुसता येत नाहीत. आणि रडता रडता मोजतही होतो, कारण दर टप्प्याला वरून प्रश्न येतच होता, "आता किती?"

वर आल्यावर मी साहेबांकडे जाऊन सांगायला हवं होतं. दोन दिवस मी ठरवत राहिलो. नागोरावांना विचारलं तर ते खेकसले, "तुहं कार्ड जाईल, माह्यं नाव त्यानं येनार हाय काय? दोघायचं काऊन बुडवतं?" मला तेवढंच निमित्त हवं होतं. मी कार्ड घेतलं.

निघालो त्या दिवशी ट्रक पुढे गेला होता. मी गुडीहत्नूरच्या फाट्यावर नागपूरच्या गाडीची वाट बघत उभा होतो. नागोराव सायकलवरून आले आणि पिशवीतून एक बाटली काढून माझ्या हातात ठेवली. खोबरेल. आदिलाबादच्या बाजारातून आणलेलं.

"आता लाव. पन कामाच्या दिशी नाई."

बाटलीच्या मानेला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती. माझीच. माझं वाकडं सोळा, खाली माझं दस्तखत. सोळावर काट मारून त्यांनी बाजूला दोन लिहिलं होतं.

"फेकू नको," म्हणाले.

गाडी आली. मी पाया पडायला वाकलो, तर यांनी माझ्या डोक्याचा वास घेतला. सवयीनं. मी चढलो, खिडकीशी बसलो. गाडी हलली तसे ते सायकल धरून बाजूनं चालायला लागले आणि ओरडले, "पन्नास मीटर, अठरा टक्के?"

"एकशे आठ!"

"पुन्हा सांग!"

"एकशे आठ, काका!"

धुळीत ते मागे राहिले. एक हात कानामागे, दुसरा सायकलवर, अर्धी भुवई वर चढलेली. मला कळलं नाही, त्यांना ऐकू गेलं नव्हतं की तपासत होते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं.

दोन वर्षांनी, जहाजाच्या डेकवर, मी साहेबांना खरं सांगितलं. कार्ड परत मागतील म्हणून आदल्या आठवडाभर जेवण गेलं नव्हतं. साहेब म्हणाले, "कौन नागोराव?" मी अर्ध्या भुवईची खूण सांगितली. "अच्छा, वो आगु!" म्हणून हसले, आणि गॅसवाले आता पुरेसे आहेत म्हणाले. एवढंच. ज्या वाक्यासाठी मी दोन वर्षं घाबरलो ते असं वाऱ्यावर गेलं.

आता नव्वदचंही दशक सरत आलं. मी परदेशात, आखाती समुद्रात कामाला असतो. माझे बाटले मी मोजतो, माझी चिठ्ठी मी बांधतो, नवी मुलं मागून शिव्या घालतात. नागोरावांना मी तीनदा लिहिलं, मालवणला या, तिकीट पाठवतो. तिन्ही वेळा पोस्टकार्ड आलं. पहिल्यात प्रश्न, काठावर पाणी किती खोल. दुसऱ्यात, पायाखाली वाळू असते म्हणतोस, ती सरकते काय. तिसऱ्यात, भरती किती वाजता येते ते लिहिलं नाहीस, आणि तू स्वतः पाहिलं की कुणाचं ऐकून लिहितोस. काय करावं या माणसाचं?

पुढच्या सुट्टीत मी पत्र लिहिणार नाही. आधी घरी जाऊन किनाऱ्यावर काठी रोवून भरतीची वेळ स्वतः मोजणार, स्वतः लिहिणार, खाली दस्तखत करणार आणि ती चिठ्ठी घेऊन थेट गुडीहत्नूरला उतरणार. नागोरावकाकांना मी समुद्रावर नेणार आहे. गुडघ्यापर्यंत, त्याच्या वर नाही. हे मी इथे लिहून ठेवतो. आणि त्यांना न्यायला जाईन त्या दिवशी माझ्या डोक्याला तेल नसेल.